कापलेला टीडीएस परत मागा

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतलं बोलणं)



आपल्या गटांतल्या कितीतरी जणी आता शहरात रुग्णसेवेला जातात. कुणी पक्षाघात झालेल्या आजोबांना सांभाळतं, कुणी बाळंतिणीजवळ राहतं. काम ब्युरोमार्फत मिळतं आणि पैसे हातात येतात तेव्हा काही कापलेले असतात. विचारलं की उत्तर येतं, "सरकारचा टॅक्स आहे." मग आपण गप्प.

ब्युरो दोन गोष्टी कापतं. एक त्याचं कमिशन, ते त्याचं. दुसरा टीडीएस. तो तुमच्या पॅनवर सरकारकडे भरायचा असतो. वर्षाअखेर तुमच्यावर कर निघाला तर त्यात वळता होतो, नाही निघाला तर तो पैसा तुमचा.

आता निघतो का ते बघू. महिना १२,००० धरले तर वर्षाचे १,४४,०००. २०२५-२६ या वर्षाला नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत करच नाही. रोखीत मिळालेलेही यात धरायचे बरं का! तरी आपल्यातल्या बहुतेक जणी या आकड्याच्या खूप खाली. काही ब्युरो कंत्राटाच्या नियमाने एकच टक्का कापतात. पण १० टक्के कापले तर १४,४०० गेले. पॅन दिलंच नसेल तर २० टक्के, म्हणजे २८,८००. दोन शेळ्या येतात त्यात.

पॅन आधारशी जोडलेलं नसलं तरी जास्त दराने कापतात. आणि आपलं घोडं इथेच अडतं. पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, जोडणी होतच नाही. कोणतं नाव ठेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, घरच्यांनी नाही. फक्त पॅन, आधार आणि पासबुक तिन्हीकडे एकच हवं.

ब्युरोकडे फॉर्म १६ए मागा, तो दर तिमाहीचा असतो. मग आयकराच्या पोर्टलवर २६एएस उघडून बघा. कापलेली रक्कम तिथे दिसत नसेल तर ती भरलीच नसेल किंवा पॅन चुकलं असेल. तोंडी नको, लेखी विचारा.

परतावा आपोआप येत नाही, विवरणपत्र भरावं लागतं. पोर्टलवर ते फुकट आहे. मुदत हुकली तरी या वर्षाचं ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत भरता येतं. भरल्यावर ३० दिवसांत आधारच्या ओटीपीने पडताळणी करायची, म्हणून आधारला जोडलेला मोबाईल आपल्याच हातात हवा. कुणी म्हणालं, "जास्त रिफंड काढून देतो, निम्मे माझे," तर सरळ उठून या. खोटी वजावट तो दाखवणार, नोटीस तुमच्या नावाने येणार.

पंचसूत्रीतलं 'नियमित लेखे' आपल्याला पाठ आहे. गटाची वही चोख, पण स्वतःच्या कामाची वही किती जणींकडे आहे? तारीख, कुणाचं घर, किती दिवस, ठरले किती, कापले किती, मिळाले किती. एवढंच लिहायचं.

पुढच्या बैठकीला पॅन, आधार आणि पासबुक घेऊन या. चहाच्या आधी सगळ्यांची नावं जुळवून बघू.