व्यासपीठावरचा मी, घरातला मी



परभणीत बोलायला उभं राहिलं की बी. रघुनाथ आठवतात. सातोन्यात १९१३ साली जन्मलेला हा माणूस. नोकरी निजामाच्या बांधकाम खात्यात, कारकुनाची. कचेरीत भगवान रघुनाथ कुलकर्णी, मराठी वाचकांसाठी बी. रघुनाथ. ७ सप्टेंबर १९५३ ला कचेरीत काम करतानाच ते गेले. वय चाळीस. त्यांची नावं दोन होती, पण कारकून खरा होता आणि लेखकही खरा होता. दोन चेहरे असले म्हणजे माणूस खोटा असतोच असं नाही.

आपलंही तसंच आहे. घरात दखनी, कॉलेजात मराठी. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण माझे दोन चेहरे वेगळे होते, ते आज सांगतो.

काही वर्षांपूर्वी याच शहरात मी मुलींच्या शिक्षणावर भाषण केलं. टाळ्या पडल्या. फोटो स्टेटसला ठेवला. रात्री जिंतूरला घरी पोचलो. धाकटी बहीण भाकरी वाढत होती. दहावी पास होऊन तिला चार महिने झाले होते. परभणीला एसटीनं एकटी कशी जाईल, म्हणून अब्बांनी तिचं शिक्षण थांबवलं होतं. तेव्हा मी गप्प बसलो होतो. आमच्या मोहल्ल्यात मी शहाणा मुलगा म्हणून ओळखला जातो, अब्बांशी वाद घालून ते नाव मला घालवायचं नव्हतं.

ती हळूच म्हणाली, ‘‘भाईजान, वहाँ बोले सो यहाँ बी बोलो ना.’’

घास घशात अडकला.

१८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध. बायका फक्त सात. त्या सातांत त्यांच्या पत्नी मेहरुन्निसाभाभी होत्या. दलवाईंची सगळी मतं तुम्हाला पटोत न पटोत, पण ज्या गोष्टीसाठी लोकांच्या घरातल्या बायकांना ते बाहेर बोलावत होते, त्यासाठी त्यांच्या घरातली बाईही रस्त्यावर आली होती.

त्या रात्री मी अब्बांशी बोललो. ते चिडले. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या जूनमध्ये बहिणीनं अकरावीला नाव घातलं. पहिले पंधरा दिवस अब्बा स्वतः एसटीत तिच्या शेजारी बसून यायचे. सोळाव्या दिवशी फक्त पास काढून दिला.

मात्र तिचं एक वर्ष गेलं. ते अब्बांच्या नाही, माझ्या खात्यावर आहे.

तुम्हीही उद्या कुठं ना कुठं बोलाल, लिहाल. त्याआधी एकदा घरात विचारा, ‘‘मी बाहेर जे बोलतो, ते तुम्हाला घरात दिसतं का?’’ उत्तर अवघड आलं तर तिथूनच काम सुरू करा.