चुकलेला डाख सोडवताना

गिटार वाजवणाऱ्या तरुणांच्या पायाशी पुष्कळदा एक लहानशी धातूची डबी पडलेली दिसते. पायाने तिची कळ दाबावी, की गिटारचा स्वच्छ सूर एकदम घोगरा होतो, फाटतो आणि लांबतो. या डबीला पेडल म्हणतात. विकत घ्यायची तर ती महाग पडते. म्हणून कित्येक जण सुटे भाग आणून ती घरीच जुळवतात. आणि का जुळवू नये? १९६६ साली लंडनच्या आर्बिटर कंपनीने 'फझ फेस' नावाचे पेडल काढले, जे पुढे जिमी हेंड्रिक्सच्या पायाखाली जगभर गाजले. त्यात दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन फिरवायची बटणे, एवढाच ऐवज. नऊ व्होल्टची बॅटरी जोडली की झाले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे सारे सामान एका फेरीत मिळते.

परंतु अकराच भाग असले तरी ते चुकायला पुरेसे असतात. श्रोतेहो, आज बोलायचे आहे ते जुळवणीविषयी नव्हे, चूक सोडवण्याविषयी. कारण घरी बनवलेली पेडले मरतात ती बहुधा चुकीच्या जोडणीने नव्हे, ती दुरुस्त करताना होणाऱ्या ओढाताणीने.

आमच्या महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याचेच पाहा. फझ फेसच्या धर्तीवर त्याने बोर्ड जुळवला. आवाज आला, पण अगदी क्षीण. त्याला वाटले, कपॅसिटर खराब आहेत. त्याने डाख, म्हणजे सोल्डर, तापवला न तापवला, आणि पक्कड लावून कपॅसिटर ओढून काढले. कपॅसिटर निघाले, त्यांच्याबरोबर बोर्डावरच्या तांब्याच्या तीन टिकल्याही निघाल्या. कपॅसिटर मुळीच खराब नव्हते. दुकानदाराने बीसी ५४७ ऐवजी टू-एन ३९०४ दिला होता. दोन्ही ट्रान्झिस्टर दिसायला सारखे, परंतु पायांचा क्रम नेमका उलटा. चपटी बाजू आपल्याकडे धरली तर एकाचा डावा पाय कलेक्टर, तर दुसऱ्याचा एमिटर. उलटा बसलेला ट्रान्झिस्टर अगदीच मुका होत नाही. तो थोडेसे काम करतो, आणि म्हणूनच फसवतो.

मी शिकवतो तर्कशास्त्र. सोल्डरचा नाद आहे तो संध्याकाळचा. पण इथे दोन्ही एकत्र येतात. कोणता भाग चुकला हे ठरल्याशिवाय आयर्न तापवूच नये. मीटर घ्या आणि दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर दाब मोजा. तो बॅटरीच्या सुमारे निम्मा, म्हणजे साडेचार व्होल्टच्या आसपास असावा. तो एक व्होल्टच्याही खाली असेल, तर तिथल्या रेझिस्टरचे पट्टे पाहा. पिवळा, जांभळा, तपकिरी म्हणजे ४७० ओहम, हवा तो. पिवळा, जांभळा, पिवळा म्हणजे ४७० किलोओहम, हजारपट! दिव्याच्या पिवळ्या उजेडात हे दोन पट्टे ओळखण्यात भलेभले गफलत करतात. डोळ्यांवर भिस्त न ठेवता रेझिस्टर बसवण्यापूर्वीच मीटरने मोजावा, हे बरे.

चूक सापडली. आता काय वाचवायचे? पुष्कळांचा जीव सुट्या भागात अडकतो. खरे तर रेझिस्टर किंवा साधा ट्रान्झिस्टर चार-दोन रुपयांचा. तो गेला तर दुसरा आणता येतो. बोर्डावरचा तांब्याचा पत्रा मात्र सुमारे ३५ मायक्रॉन जाडीचा, माणसाच्या केसाहूनही बहुधा पातळ, आणि नुसता चिकटवलेला असतो. फार वेळ उष्णता दिली की तो चिकटा सैल पडतो. त्याच क्षणी ओढले की टिकली सुटते. तपकिरी, कागदी थराच्या स्वस्त बोर्डात हे लवकर होते, काचतंतूच्या हिरव्या बोर्डात जरा उशिरा. तेव्हा बळी द्यायचाच तर सुट्या भागाचा द्यावा.

म्हणून, बॅटरी काढून ठेवल्यावर, चुकीच्या ट्रान्झिस्टरचे तिन्ही पाय अंग आणि बोर्ड यांच्यामध्ये कात्रीने सरळ तोडून टाका. (तुटलेला तुकडा उडतो, डोळ्यांवर चष्मा असू द्या.) आता तीन पायांना एकदम तापवण्याची कसरत उरली नाही. एकेक पाय सुटा झाला. मागून त्याच्या डाखाला आयर्न लावायचा, पुढून चिमट्याने पाय अलगद उचलायचा. उचलायचा म्हणतो, ओढायचा नव्हे. डाख वितळला असेल तर पाय आपण होऊन येतो. येत नसेल तर तो वितळलेला नाही, इतके सरळ आहे. दोन-तीन सेकंदांत काम झाले नाही तर आयर्न दूर करा, जागा थंड होऊ द्या आणि पुन्हा लावा.

डाख वितळतच नाही, असेही होते. अशा वेळी त्यावर थोडा ताजा डाख घाला. काढायला निघालो आणि घालतोय काय, असे वाटेल. पण काट्यानेच काटा निघतो. जुन्या डाखावर मळ चढलेला असतो आणि त्यातली राळ जळून गेलेली असते. ताज्या तारेतली राळ मळ कापते, आणि ओला डाख उष्णता खालपर्यंत नेतो. साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसे असलेला डाख १९० अंशांच्या आसपास पुरता वितळतो. बिनशिशाच्या डाखाला त्याहून तीसेक अंश अधिक लागतात.

भोकात उरलेला डाख काढायला दोन साधने आहेत. एक सकर, म्हणजे स्प्रिंगची पिचकारी, पण उलट्या गुणाची. डाख पातळ झाला की कळ दाबायची आणि तो आत ओढला जातो. दुसरी तांब्याच्या बारीक तारांची वेणी. समईच्या वातीत तेल चढावे तसा पातळ डाख तिच्यात चढतो. माझे मत वेणीच्या बाजूचे आहे. सकरचा झटका सैल झालेल्या टिकलीला सोसत नाही. मात्र वेणी आयर्नसकटच उचलावी. थंड झाली की ती टिकलीला धरून बसते. भोक तरीही बुजलेलेच राहिले तर ते तापवून त्यात लाकडी दातकोरणी घाला.

एक अपवाद सांगायला हवा. जुने जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर दुर्मिळ, महाग आणि उष्णतेला हळवे असतात. त्यांचे पाय तोडू नयेत. प्रत्येक पायाला वरून चिमटा लावून ठेवावा, म्हणजे उष्णता त्यात मुरते, आणि वेणीने तिन्ही भोके मोकळी झाल्यावरच ट्रान्झिस्टर उचलावा.

आणि टिकली सुटलीच तर? बोर्ड फेकू नका. ती टिकली ज्या वाटेने पुढच्या भागाला जोडलेली होती ती वाट डोळ्यांनी शोधा, आणि नव्या भागाचा पाय वाकवून थेट त्या पुढच्या जोडावर नेऊन डाखवा. पाय पुरला नाही तर तोडलेला एखादा पाय मध्ये जोडा. आमच्या विद्यार्थ्याचा बोर्ड असाच उभा राहिला. दिसायला ओबडधोबड आहे, पण दुसऱ्या कलेक्टरवर साडेचार व्होल्ट भरतात आणि गिटार हवी तशी ओरडते. ट्रान्झिस्टरच्या जागी त्याने आता खोबणी बसवली आहे, म्हणजे पुढच्या वेळी आयर्न लागणारच नाही.

काढलेले भाग मात्र पुन्हा डबीत टाकू नका. उलटा दाब सोसलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वरून धडधाकट दिसतो, आणि पुढच्या पेडलमध्ये तोच दगा देतो. आणि जेवायला बसण्यापूर्वी हात साबणाने धुवा; त्या डाखात शिसे असते.