विडिया अथवा टंगस्टन कार्बाइड

सोलापुरांत सिद्धेश्वराच्या तळ्याचें पाणी डोळ्यांस दिसतें. जमिनीखालचें पाणी मात्र काळ्या पाषाणाच्या फटींत दडलेलें असतें. तो पाषाण फोडण्याकरितां गल्लीच्या तोंडाशीं बोअरची गाडी धडधडूं लागली म्हणजे शेजाऱ्यांची झोंप उडते, आणि सकाळीं ‘पाणी लागलें का?’ हा एकच प्रश्न ज्याच्या त्याच्या तोंडीं होतो. या शहराचें बोअरशीं नातें जुनें आहे. १९७० नंतरच्या दशकांत ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप ज्याच्यावरून बेतला गेला, त्याचें नांवच मुळीं सोलापूर पंप. परंतु खोल उतरणाऱ्या त्या नळाच्या टोंकाशीं काय असतें, हें सुशिक्षित गृहस्थहि सहसा विचारीत नाहीं.

तेथें पोलादाचा एक जाड ठोकळा असतो, व त्याच्या तोंडावर बोराएवढ्या करड्या गोळ्या घट्ट बसविलेल्या असतात. दाबलेल्या हवेच्या जोरावर हातोडा त्यावर मिनिटास हजारावर घाव घालतो. दगडाशीं भिडतात त्या या गोळ्या. नुसतें पोलाद तेथें टिकतें ना. कारखान्यांतील कामगार या पदार्थास ‘विडिया’ म्हणतात. शब्द कानडी वाटला तरी तो जर्मन आहे. ‘हिऱ्यासारखें’ अशा अर्थाच्या दोन शब्दांचा तो संक्षेप होय. विजेच्या दिव्यांची तार ओढण्यास हिऱ्याचे साचे लागत व ते फार महाग पडत. त्यांस पर्याय शोधतां शोधतां १९२३ सालीं कार्ल श्रोटर यास ही युक्ति साधली, आणि क्रुप कंपनीनें तो माल पुढें या नांवानें विकला.

टंगस्टन हा धातु ३४२२ अंशांवर वितळतो. इतका उशिरां वितळणारा दुसरा धातु नाहीं. कार्बनशीं संयोग पावला कीं तो अत्यंत कठीण होतो, पण ठिसूळहि होतो. म्हणून त्याच्या भुकटींत शेंकडा ६ ते १२ कोबाल्ट मिसळून, दाबून, सुमारें १४०० अंशांवर भाजतात. विटांना चुन्यानें धरावें तसें कोबाल्ट कणांना धरून ठेवतो. सोलापुरांत मोटारींचे कॅमशाफ्ट तयार होतात. ते कांतणाऱ्या हत्यारांचें टोंकहि याचेंच. हें भाषण ऐकतांना कोणी टिपण करीत असेल, तर त्याच्या बॉलपेनांतील मणीहि बहुधा याच जातीचा असेल.

गोळी झिजून चपटी झाली तर हिऱ्याच्या चाकावर तिला पुन्हा गोल करितां येतें. मात्र तें काम पाणी सोडूनच करावें. ही कोबाल्टमिश्रित धूळ फुप्फुसांस घातक आहे, आणि तोंडाला फडकें बांधून ती अडत नाहीं.

अखेर ठोकळा भंगारांत जातो, आणि खरें नुकसान येथें होतें. लोखंडाच्या भावानें तो भट्टींत गेला कीं टंगस्टन त्या रसांत हरवलें. खाणींतील दगडांत टंगस्टन शेंकडा एकहि क्वचित् मिळतें. झिजक्या गोळींत तें शेंकडा ८० च्या वर असतें. राजस्थानांतील देगाणाची खाण गेल्या शतकाच्या अखेरीस बंद पडली, त्यामुळें आपली बहुतेक गरज परदेशी मालावर भागते. जगांतील सुमारें चार-पंचमांश उत्पादन एकट्या चीनचें, आणि त्या देशानें फेब्रुवारी १९२५ नव्हे, २०२५ मध्यें, म्हणजे श्रोटरच्या युक्तीनंतर सुमारें शंभर वर्षांनीं, निर्यातीवर निर्बंध घातले.

गोळ्या निराळ्या काढल्या तर मार्ग सोपा आहे. त्या वितळलेल्या जस्तांत ९०० अंशांवर ठेवतात. जस्त कोबाल्टांत शिरतें, कोबाल्ट फुगतो, आणि पाषाणापुढें न फुटलेली गोळी आंतूनच भुसभुशीत होते. नंतर निर्वात भट्टींत जस्ताची वाफ करून तें परत मिळवितात. मागें उरलेल्या भुकटीच्या पुन्हा गोळ्या घडतात. जगांत टंगस्टनचा जवळ जवळ तिसरा हिस्सा असा भंगारांतूनच येतो.

ओळखण्यास तराजूहि नको. तेवढाच लोखंडाचा तुकडा एका तळहातावर व ही गोळी दुसऱ्यावर घेतली, कीं गोळी जवळ जवळ दुप्पट जड लागते; आणि तिच्यावर कानस चालविली तर कानसच झिजते.