उशीर आणि मंदपणा : आलेखाची साक्ष

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं वर्धा येथें महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण परिषद भरली व हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण देण्याचा विचार तेथें मान्य झाला. बीजगणितांतील आलेखहि सूतकताईवरून सहज उमगतो.

समजा, एक विद्यार्थी आठ वाजतां टकळी हातीं घेतो. आडव्या अक्षावर तेथपासूनचे तास क्ष, उभ्या अक्षावर सुताचे वार य. तासाला १०० वार निघाल्यास य = १००क्ष ही तिरपी रेषा मिळते. कालचें २० वार सूत मिळविल्यास सबंध रेषा तितकीच वर सरकते.

दुसरा अर्धा तास उशिरां बसला, तर य = १००(क्ष − १/२). वजा चिन्ह पाहून पुष्कळ विद्यार्थी रेषा डावीकडे नेतात. परंतु पहिल्यानें एका तासांत गांठलेला आंकडा दुसऱ्यास दीड तासानें लाभतो. म्हणून प्रत्येक बिंदु उजवीकडेच जातो.

तिसरा वेळेवर बसला, पण त्याचा वेग निम्मा; त्याची रेषा य = ५०क्ष.

नऊ वाजतां दुसऱ्याचें व तिसऱ्याचें सूत सारखेंच, ५० वार, भरतें. केवळ आंकडा पाहणारा शिक्षक दोघांसहि मंद ठरवील. आलेख मात्र सांगतो कीं, एकाची रेषा नुसती सरकली आहे, दुसऱ्याचा चढच कमी आहे. एकास वेळेची शिस्त हवी, दुसऱ्यास हाताचा सराव. निवाडा करण्यापूर्वीं सबंध रेषा पाहावी, हें या गणिताचें खरें मोल होय.