एक रडतें, एक निजतें

घरांत जुळीं जन्मलीं म्हणजे भेटावयास येणारा प्रत्येक जण आईला प्रथम एकच प्रश्न विचारतो : "दोघांना पुरतें का ग दूध?" विचारणाऱ्याच्या मनांत मायाच असते, परंतु दिवसांतून पांच वेळां तोच प्रश्न ऐकणाऱ्या बाळंतिणीच्या मनांत संशय शिरतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशीं घरांत पावडरीचा डबा येतो. गेल्या वर्षीं माझ्या कन्येस जुळ्या मुली झाल्या व बाळंतपणास ती आमच्याकडे होती. मी केवळ मॅट्रिक झालेला मास्तर. वैद्यकाचा अधिकार मला नाहीं. परंतु त्या दीड महिन्यांत मीं जें पाहिलें, डॉक्टरांस व परिचारिकांस जें विचारलें, त्यावरून माझें असें मत झालें आहे कीं जुळ्यांच्या घरीं बहुधा दूध कमी पडत नाहीं. कमी पडतात ते हात आणि लक्ष.

आईचें दूध हें हौदांत सांठविलेलें पाणी नव्हे. विहिरीला उपसा असला म्हणजे झरे वाहते राहतात, तसा हा प्रकार आहे. जितकें दूध ओढलें जाईल, तितकें नवें तयार होतें, आणि दोन तोंडें ओढणारीं असलीं म्हणजे दोघांपुरतें होऊं शकतें. उलट वरचें दूध देऊन एकाचें पोट भरलें, कीं त्या वेळचा उपसा थांबला व पुढचें दूध तितक्यानें घटलें. रात्रीचें पाजणें तर टाळूंच नये. दूध निर्माण करणारा शरीरांतील स्राव रात्रीं अधिक असतो. दुधाची पावडर व बाटली यांच्या जाहिरातींस आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानें बंदी झाली, ती उगीच नव्हे. अर्थात् डॉक्टरांनीं वजन पाहून वरचें दूध सांगितलें असेल तर तें द्यावें. तेथें आजोबांचें मत आड येऊं देऊं नये.

छत्तीस वर्षें मीं शाळेंत शिकविलें. गलका करणाऱ्या मुलाकडे मास्तरांचें लक्ष आपोआप जातें; मागच्या बांकावर गप्प बसलेला मुलगा उपाशी आला आहे कीं तापानें फणफणला आहे, हें तास संपला तरी कळत नाहीं. जुळ्यांच्या पाळण्यापाशीं नेमकें हेंच घडतें. आमची थोरली जन्मली तेव्हां २ किलो ३०० ग्रॅमची होती, धाकटी १ किलो ८५० ग्रॅमची. थोरलीनें टाहो फोडला कीं सारें घर धांवे. धाकटी निजून राही, आणि पाहुण्या बायका कौतुकानें म्हणत, "किती गुणाची पोर!" या कौतुकाचें मला भय वाटूं लागलें. जुळ्यांपैकीं सुमारें निम्मीं, किंबहुना त्याहूनहि अधिक, ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वीं जन्मतात. अशा लहानग्या जीवाला भूक लागली तरी रडण्याचें बळ नसतें. तें निजतें, निजल्यामुळें पीत नाहीं, न प्याल्यामुळें अधिक थकतें आणि पुन्हां निजतें. मुळांत रडणें ही भुकेची अगदीं शेवटची खूण होय. ओठ चाळवणें, जीभ बाहेर काढणें, मूठ तोंडाकडे नेणें, मान वळवून शोधणें, या खुणा त्याच्या आधींच्या. म्हणून लहान वजनाच्या बाळाच्या बाबतींत रडण्यावर विसंबूं नये, घड्याळावर विसंबावें. चोवीस तासांत आठ ते बारा वेळां पाजावें, आणि मध्यें तीन तासांहून अधिक अंतर जाऊं देऊं नये. निजलेलें असल्यास दुपटें सोडावें, लंगोट बदलावा, तळपाय चोळावेत, पण उठवावें.

माझ्या हातून झालें तें एवढेंच, कीं मीं एक दोनशेपानी वही घेऊन तिच्यावर उभ्या रेघा आंखल्या. बारसें व्हावयाचें होतें, तेव्हां नांवें नव्हतीं. म्हणून एका बाजूस 'थो' आणि दुसऱ्या बाजूस 'धा'. किती वाजतां पाजलें, किती वेळ ओढलें, लंगोट किती वेळां भिजला, शी कितीदां झाली. आमचे जांवई हंसले, "मास्तरांची हजेरी सुरू झाली!" आठव्या रात्रीं वही चाळतांना दिसलें कीं धाकटीचें पिणें पंधरा मिनिटांवरून पांच मिनिटांवर आलें असून, सकाळपासून तिचा लंगोट दोनच वेळां भिजला आहे. पांचव्या दिवसानंतर निदान सहा वेळां भिजावा, असें आम्हांस सांगितलेलें होतें. ती मात्र स्वस्थ निजलेली. रात्रीं दहा वाजतां तिला रुग्णालयांत नेलें. वजन १ किलो ६३० ग्रॅमवर आलें होतें व कावीळ छातीच्या खालीं उतरली होती. "सकाळपर्यंत थांबलां असतां तर..." असें म्हणून डॉक्टर थांबले, पुढचें आम्हीं विचारलें नाहीं. पहिल्या दिवसांत दहाव्या हिश्श्यापर्यंत वजन उतरूं शकतें आणि दोन आठवड्यांत भरून येतें; हिचें त्याहून अधिक उतरलें होतें. तीन दिवस निळ्या दिव्याखालीं ठेवून आईचेंच काढलेलें दूध पाजल्यावर ती तरतरीत झाली.

तें दूध पाजलें कशानें? चक्क बोंडल्यानें! आपल्या माळ्यावर आजीच्या काळचें जें चांदीचें बोंडलें काळवंडून पडलेलें असतें, जवळजवळ त्याच आकाराचें भांडें आज मोठमोठ्या रुग्णालयांत वापरतात. बाटलीपेक्षां तें स्वच्छ ठेवणें व उकळणें सोपें. घरीं आल्यावर धाकटीला प्रथम आईजवळ घेत, आणि ती थकली म्हणजे उरलेलें दूध बोंडल्यानें, घाई न करतां. काढलेलें दूध झांकून ठेवल्यास चारेक तास राहतें.

दोघींना एकदम पाजणें तिसऱ्या आठवड्यांत साधलें. आईच्या दोन्ही बाजूंस उशा, दोन्ही काखांखालीं एकेक बाळ, पाय मागच्या बाजूस. एक उठली कीं दुसरीला उठवावयाची, म्हणजे आईला मध्यें दोन घटका झोंप मिळे. परंतु दुसरें बाळ उचलून देण्यास कोणी तरी हवेंच. लवकुशांच्या वेळीं सीतेजवळ आश्रमांतल्या तापसी होत्या. आपल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत ते काम बापानें, आजोबांनीं करावें. ढेकर काढणें, लंगोट बदलणें, बाळंतिणीला पाण्याचा तांब्या देणें आणि पाहुण्यांना दारांतूनच गोड बोलून परतविणें, यांसाठीं स्त्रीजन्म लागत नाहीं.

निजविण्याचेंहि तसेंच. कोलंबिया देशांत बोगोटा येथें १९७८ सालीं डॉ. एडगार रे यांनीं, उबेच्या पेट्या अपुऱ्या पडत म्हणून, कमी वजनाचीं मुलें आईच्या उघड्या छातीशीं उभीं बांधून ठेवण्याचा प्रघात पाडला. कांगारूच्या पिशवीवरून त्यास नांव मिळालें. बापाची छातीहि चालते, आणि जुळीं दोन्हीं एकदम ठेवतां येतात. आमचे जांवई रोज संध्याकाळीं सदरा काढून बसत. ऊब मिळे, श्वास संथ होई, आणि थोरलीचा टाहोहि थांबे.

संध्याकाळचें रडणें तिसऱ्या आठवड्यानंतर वाढतें, सहाव्याच्या सुमारास कळसास पोंचतें व पुढें ओसरतें. दिवसांपूर्वीं जन्मलेल्यांत थोडें उशिरा. वजन रोज सरासरी वीस-तीस ग्रॅम वाढत असेल तर तें दूध अपुरें असल्याचें लक्षण नव्हे. त्यावर मधाचें बोट, गुटी, ओव्याचें पाणी, धुरी यांपैकीं कांहींहि करूं नये. मध तर वर्षाच्या आंत विषासमान ठरूं शकतो. खांद्यावर घेऊन फिरावें, मंद अंगाई म्हणावी. आपला धीर सुटला तर बाळाला पाळण्यांत उताणें निजवून क्षणभर बाहेर जावें. रागानें हलवूं मात्र कधींहि नये.

गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व राणी बंग यांनीं ३९ गांवांत खेड्यांतल्या बायकांनाच नवजात बाळाची घरोघर देखरेख शिकविली. १९९९ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं नवजात बालमृत्यु साठ टक्क्यांहून अधिक घटले. आतां आशा कार्यकर्ती ४२ दिवसांत सहा वेळां घरीं येते, ती याच वाटेनें. ती ज्या खुणा शोधते, त्या आम्हीं चिठ्ठीवर लिहून पाळण्याजवळच्या भिंतीस चिकटविल्या होत्या : पिणें सोडणें, अंग थंड पडणें किंवा तापणें, मिनिटाला साठ वा अधिक श्वास, छाती आंत ओढली जाणें, तळहात-तळपाय पिवळे पडणें, आंचके येणें, उठवूनहि न उठणें. खालीं मोठ्या अक्षरांत रुग्णालयाचा व कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याचा दूरध्वनि क्रमांक होता.