नाद पाहावा कसा?

श्रोतेहो, नाद कानांनी ऐकायचा, हे तर खरेच. पण तो डोळ्यांनाही दाखवता येतो बरे का! अर्न्स्ट क्लाड्नी या जर्मन शास्त्रज्ञाने धातूच्या पत्र्यावर वाळू पसरली, कडेवरून गज ओढला आणि उमटलेली नक्षी १७८७ साली ग्रंथात छापली.

आज नादाचे चित्र ब्राउझरही काढतो. शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेच्या संगणकावर त्यासाठी एक साधे पान लिहावे. गाण्याची फाईल संगणकातूनच निवडली, की इंटरनेट नसले तरी भागते. ब्राउझरमधला पृथक्करण करणारा भाग एरवी आवाजाचे २०४८ नमुने एकदम घेतो आणि त्यांची १०२४ कप्प्यांत वाटणी करतो. सेकंदाला ४४,१०० नमुने असले, तर एकेक कप्पा सुमारे साडेएकवीस हर्ट्झचा. प्रत्येक कप्प्याची एक काठी काढायची. डावीकडे खर्ज, उजवीकडे तार. डग्ग्यावर थाप पडली, की डावीकडच्या काठ्या उसळतात. मात्र पानावर ‘सुरू’चे बटण हवेच, ते दाबल्यावाचून ब्राउझर बहुधा आवाज काढू देत नाही.

वर्गात एखाद्या मुलाला कमी ऐकू येत असेल, तर त्याला पुढे बसवा. काठ्या पाहून तेही इतरांबरोबर टाळी देऊ शकेल.