मामुनियातला चहा
(मंडळाच्या कोजागरी कार्यक्रमात केलेले भाषण)



लग्नाला 25 वर्षं झाली म्हणून आम्ही दोघं लंडनहून मोरोक्कोतल्या माराकेशला गेलो. उतरलो ‘ला मामुनिया’ हॉटेलात. दोन रात्रींचं बिल सांगत नाही, नाहीतर तुम्ही माझी वर्गणी वाढवाल!

हॉटेल 1923 सालचं, पण बाग अठराव्या शतकातली. सुलतानाने मामून नावाच्या आपल्या मुलाला लग्नात दिलेली. त्यावरूनच हे नाव. चर्चिलसाहेब इथे येऊन चित्रं काढत. भिंतींवर झेलीज, म्हणजे छिन्नीने हातांनी तोडलेल्या रंगीत फरशीच्या तुकड्यांची नक्षी. बघत राहावं!

संध्याकाळी वेटरने पुदिन्याचा चहा आणला. किटली उंच धरून, फेस येईल असा ओतला. मी सहज गाव विचारलं. म्हणाला, “ॲटलासच्या डोंगरात. घर होतं.” 8 सप्टेंबर 2023 च्या रात्री भूकंपात पडलं. त्या भूकंपात जवळजवळ तीन हजार माणसं गेली.

मंडळी, मी किल्लारीकडचा. 1993 साली दगडमातीच्या ढिगाऱ्यातून घरची भांडी वेचलीत मी. त्याला तसं सांगितलं. त्याने विचारलं, “घर परत बांधलंत?”

“बांधलं. पण आई पुढे कितीतरी वर्षं अंगणातच झोपायची.”

“माझीही,” तो म्हणाला, आणि पेला पुन्हा भरला.

माराकेशला काय पाहिलंत, असं कुणी विचारलं की बागेआधी मला तो पेला आठवतो.